मुंगी कुठंय, डॉक्टर?

वाचकांचं पत्र, थोडक्यात: निपाणीजवळच्या एका गावातल्या ताईंनी लिहिलंय, नाव-गाव देत नाही. लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. खालच्या उजव्या दुधाच्या दाढेला कीड लागून खड्डा पडलाय, रात्री दुखून उठते. डॉक्टर म्हणाले की आतली नस साफ करून वर कॅप बसवावी लागेल, आणि त्यासाठी इंजेक्शन देऊन दाढ बधीर करावी लागेल. पण दीड वर्षापूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात "काय नाही, नुसतं बघणार हाईत" असं सांगून तिला नेलं होतं आणि तिथं चौघांनी धरून इंजेक्शन दिलं होतं. तेव्हापासून दातांचा दवाखाना म्हटलं की पोरगी आईला सोडत नाही. सासूबाई म्हणतात दुधाचा दात हाय, पडंल आपोआप, कशाला सूजी (म्हणजे इंजेक्शन). नवरा म्हणतो पूर्ण भूल देऊन एकदाच उरकून टाकू. ताईंचे प्रश्न तीन. इंजेक्शनचं न सांगता न्यावं का? मेडिकलमधनं बधीर करायचं जेल आणून घरनंच लावून नेलं तर चालेल का? आणि अजिबात न दुखणारं इंजेक्शन कुठं मिळतं, बेळगावात की कोल्हापुरात?

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलाय, की मागच्या वर्षी अंगणवाडीत पाच वर्षांचा डोस दिला तेव्हा पोरगी रडली पण पाच मिनिटांत घसरगुंडीवर होती. मी तिथंच थांबले. कारण हा डोस दातांच्या त्या प्रकारानंतरचा आहे. म्हणजे सुई तिनं घेतली की! दंडावर घेतली, रडली, विसरली. मग "तिला सुईची भीती बसलीय" असं जे तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय ते मला काही पटत नाही. अंगणवाडीच्या अक्कांनी सांगितलं असणार, आज सुई आहे, हात असा धर, आणि जे सांगितलं तेच झालं. दातांच्या दवाखान्यात सांगितलं एक आणि झालं भलतंच, ते पण पाठीवर आडवं पाडून, तोंडात, डोळ्यावर लाईट आणि हातपाय दुसऱ्याच्या ताब्यात. मोठ्या माणसाला असं केलं असतं तर त्यानं पोलिसात कंप्लेंट दिली असती.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. न सांगता नेऊ नका. एकदा फसवून झालंय, दुसऱ्यांदा फसवलं तर तिचा डॉक्टरवरचा विश्वास जाईलच, तो तर आधीच गेलाय, पण तुमच्यावरचा पण जाईल आणि तो मात्र आत्ता अजून शाबूत आहे, नाहीतर ती तुम्हालाच कशाला धरून बसली असती.

या पापातनं मी स्वतः पण गेलेय, म्हणून सांगते. नुकती डिग्री हातात आलेली, तेव्हा वडगावातल्या एका विणकराचं पोरगं आलं होतं, सातेक वर्षांचं, वरची दाढ काढायची होती. मी सिनियर लोकांकडनं ऐकलेलं वाक्य फेकलं, "काय नाही रे, मुंगी चावेल एवढंच". आणि टाळूत इंजेक्शन दिलं. तोंडात सगळ्यात जास्त दुखतं ते टाळूतलं, कारण तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला शिरायला जागाच नसते. पोरगं रडलं नाही. मी कापूस बाहेर काढला तर त्यानं तो माझ्या हातातनं घेतला, उलटून पालटून बघितला आणि विचारलं, "मुंगी कुठंय, डॉक्टर?" चेष्टा नव्हती करत, खरंच शोधत होता. त्यानंतर त्यानं जे तोंड मिटलं ते काही उघडलं नाही, दाढ राहिली तिथंच, आणि त्याची आई मलाच सॉरी म्हणून त्याला घेऊन गेली. त्या दिवसापासून माझ्या खुर्चीजवळ मुंगी बंद.

मग सांगायचं काय? आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी सांगा, आठवडाभर आधीपासून घोकत बसू नका, नाहीतर पोरं आठवडाभर तेच उगाळत बसतात. साधं सांगा: "डॉक्टर आधी हिरडीला जेल लावतील, तिथं झिणझिण्या येतील. मग दाढेला झोपवायचं औषध घालतील, तेव्हा दाबल्यासारखं वाटेल, थोडं टोचेल पण. आपण वीस मोजू. मग दाढ झोपली की तिला कळणार नाही." दाढेला झोपवणं हे खोटं नाही, पोराच्या भाषेतलं खरंच आहे. पण तिनं सरळ विचारलं "सुई आहे काय?" तर उत्तर "होय" हेच द्यायचं. होय, बारीक सुई आहे, आणि मी तुझा हात धरून बसणार आहे. हो म्हटल्यावर रडेल, तर रडू दे. रडणं म्हणजे काही बिघडलं नाही. तोंड उघडं ठेवून रडणाऱ्या पोराचं काम आम्ही आरामात करतो, हालणाऱ्याचं नाही करता येत.

आणि एक विचारते, राग मानू नका. घरात कधी "गप बस, नाहीतर डॉक्टरांकडनं सूजी मारून आणते" असं म्हटलं जातं का? आपल्याकडे दहातल्या नऊ घरांत म्हणतात, माझ्या सासरी पण म्हणायचे. ते आजपासून बंद करा, सासूबाईंना पण सांगा. वर्षभर जिची शिक्षा म्हणून धमकी दिली ती एके दिवशी औषध म्हणून गोड कशी लागणार?

आता दुखण्याचं. अजिबात न दुखणारं इंजेक्शन बेळगावात नाही, कोल्हापुरात नाही, मुंबईत पण नाही. पण ऐंशी टक्के पोरांना "झालं पण?" असं वाटावं एवढं ते कमी करता येतं असा माझा खुर्चीवरचा अनुभव आहे (ऐंशी हा आकडा माझ्या अंदाजाचा, पुस्तकातला नव्हे). त्यासाठी दुखतं कशानं ते बघावं लागेल. लोकांना वाटतं सुई जाडी म्हणून दुखतं. सुईचा भाग असतो पण थोडा, आम्ही ज्या बारीक सुया वापरतो त्यांच्यातल्या जाडीच्या फरकानं पोराला फारसा फरक कळत नाही. जास्त दुखतं ते औषध आत ढकलताना. हिरडीत मावत नाही एवढं पाणी भसकन घातलं तर मांस ताणतं, तो ताण दुखतो. शिवाय औषध आंबट असतं. बधीर करायचं लिग्नोकेन, जे स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं आणि आज पण जगभर चालतं, त्यात आम्ही ॲड्रेनालिन मिसळलेलं वापरतो म्हणजे बधीरपणा टिकतो आणि रक्त कमी येतं, आणि ते ॲड्रेनालिन खराब होऊ नये म्हणून द्रावण आंबट ठेवलेलं असतं. जखमेवर लिंबू पिळल्यासारखं. म्हणून चुरचुरतं. काही ठिकाणी त्यात सोडा बायकार्ब मिसळून आंबटपणा मारतात, त्यानं चुरचुर कमी होते, पण ते माप डॉक्टरांचं काम.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ. मिनिटाला १ मिली, त्याहून जोरात नाही, हे डेंटलमध्ये शिकवलेलंच असतं, पण बाहेर दहा पेशंट बसलेले असले की हाताला ते आठवत नाही (माझ्याही हाताला आठवायचं नाही). लहान पोराच्या एका दाढेच्या बाजूला अर्धा ते एक मिली पुरतं बहुतेक वेळा, म्हणजे अर्धं ते एक मिनिट. तेवढं तर कुणाकडे पण असतं की! तुम्ही डॉक्टरांना एवढंच म्हणा, "डॉक्टर, जरा सावकाश घाला, आम्ही वीसपर्यंत मोजतोय". मोजणं पोरीसाठी आहे असं त्यांना वाटेल, पण हात त्यांचाच सावकाश होईल. ही आयडिया माझी नाही, माझ्याच एका पेशंटच्या आजीनं माझ्यावर वापरलेली.

दुसरं, जेल. सुई टोचायच्या जागी आधी जेल किंवा स्प्रे लावतात, त्यानं वरचा दोन-तीन मिलीमीटरचा थर बधीर होतो, टोचणं कळत नाही. पण नुसतं लावून चालत नाही. आधी ती जागा कापसानं कोरडी करावी लागते, नाहीतर लाळेबरोबर वाहून जीभ आणि घसाच बधीर होतो, आणि मग दोन मिनिटं थांबावं लागतं. बरेच ठिकाणी जेल लावतात आणि लगेच सुई, मग त्या जेलचा उपयोग फक्त स्ट्रॉबेरीच्या वासापुरता. औषध फ्रिजमधनं काढलेलं गारढोण असेल तर हातात धरून जरा कोमट करतात, त्यानं पण थोडा फरक पडतो.

तिसरी गोष्ट तुम्ही घरी रोज करताच. पोर पडलं, गुडघा आपटला की आपण काय करतो, चोळतो. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी त्याचं कारण मांडलं, की चोळण्याची, दाबण्याची जाणीव आणि दुखण्याची जाणीव एकाच दारातनं मेंदूकडे जातात, एकीनं गर्दी केली की दुसरीला वाट अपुरी पडते. म्हणून इंजेक्शन देताना आम्ही गाल धरून हलवतो, थरथरवतो. काही डॉक्टरांकडे त्यासाठी थरथरणारी छोटी यंत्रं पण असतात, पण बोटं पुरतात. जोडीला पोरीला एक पाय वर उचलून धरायला सांगायचं, मग दुसरा, तिचं अर्धं डोकं पायात गुंतून राहतं. मोबाईलवर कार्टून लावलं तरी चालेल, त्या दहा मिनिटांपुरता मोबाईलवरचा माझा राग मी सोडून देते.

टाळूत द्यायची वेळ आली तर एक युक्ती आहे, आधी गालाच्या बाजूनं बधीर करून मग दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातनं औषध हळूहळू टाळूकडे सरकवायचं, थेट टाळूत टोचायला लागत नाही किंवा टोचलं तरी कळत नाही. तुमच्या लेकीची दाढ खालची, तिला टाळूचा प्रश्न नाही. पण खालच्या दाढेला जबड्यात मागे खोल द्यायचं जे इंजेक्शन असतं, अर्धा जबडा आणि ओठ बधीर करणारं, त्याऐवजी चार वर्षांच्या वरच्या पोरांना कधीकधी आर्टिकेन नावाचं औषध नुसतं दाढेच्या बाजूच्या हिरडीत देऊन भागतं. ते जमेल का हे दाढ बघूनच ठरतं. विचारून बघा, विचारायला काही लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घरनं जेल लावून न्यायचं. नको. एक तर निपाणीहून निघून नंबर लागेपर्यंत त्याचा असर कधीच उतरलेला असेल. दुसरं, किती लावलं, किती गिळलं याचा हिशोब राहत नाही, आणि हिशोब ठेवावा लागतो. लहान मुलांना लिग्नोकेन किलोमागे ४.४ मिलीग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे २० किलोच्या पोरीला २ टक्क्यांचं औषध जास्तीत जास्त ४.४ मिली, आणि तुमचं घरचं जेल पण त्याच खात्यात जमा होतं. म्हणून जायच्या आधी तिचं वजन करून घ्या आणि न विचारता सांगा. ज्यांच्या घरी अजून लहान लेकरं आहेत त्यांनी हे पण ऐका: बेंझोकेन असलेलं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला दात येताना हिरडीला चोळू नये, त्यानं रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटू शकते, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ मध्ये यावर कडक इशारा दिलाय. आणि लवंगाचं तेल हिरडीला चोळणं, दाढेत तंबाखूची चिमूट दाबणं (निपाणीकडे हे अजून चालतं, मला माहीत आहे) हे सगळं हिरडी भाजायचे उद्योग आहेत. भाजलेल्या हिरडीत इंजेक्शन किती दुखेल बघा की.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर. दुधाचा दात पडतोच. पण दुधाच्या मागच्या दाढा पडतात दहाव्या-बाराव्या वर्षी, आणि पोरगी आहे सहाची. चार-सहा वर्षं तशीच ठेवायची? रात्री दुखून उठते म्हणजे कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलीय असं धरून चाला. आणि दुखणं जुनं होऊन पू झाला की तिथलं मांसच आंबट होतं, मग बधीर करायचं औषध नीट चढतच नाही. म्हणजे आज सूजी टाळली तर उद्या जास्त दुखणारी सूजी, हे त्यांना याच शब्दांत सांगा. गालावर सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास दिसला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

मात्र बाकीच्या दाढा पण तपासून घ्या. जिथं कीड अजून आतल्या नसेपर्यंत गेली नाही तिथं बिनइंजेक्शनची वाट असते. एक औषध आहे, सिल्व्हर डायमीन फ्लोराईड, नुसतं ब्रशनं लावतात, कीड थांबते पण तो भाग काळा पडतो, म्हणून पुढच्या दातांना आया नको म्हणतात, मागं कोण बघतंय. आणि हॉल टेक्निक म्हणून एक पद्धत स्कॉटलंडमधनं आलीय, त्यात कीड कोरायचीच नाही, सुई नाही, मशीन नाही, दाढेवर सरळ स्टीलची कॅप सिमेंट लावून दाबून बसवायची, आत हवा-पाणी-साखर बंद झालं की कीड पण बंद. तुमच्या दुखऱ्या दाढेला हे चालणार नाही, पण पुढची इंजेक्शनं वाचतील.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी एकदम उडवून लावत नाही. सात-आठ दात एकदम करायचे असले, पोर तीन वर्षांचं असलं, किंवा काही खास आजार असला तर पूर्ण भूल हाच माणुसकीचा मार्ग असतो. पण एका दाढेसाठी उपाशी ठेवायचं, हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ, खर्च, आणि पोरगी उठेल तेव्हा तिच्या हिशोबात पुन्हा एकदा "मला न सांगता काहीतरी केलं" हेच जमा. मधला रस्ता आहे, नायट्रस ऑक्साईड, नाकावर छोटा मास्क लावून हुंगायचा वायू. पोर जागं असतं, बोलतं, फक्त सैल पडतं, आणि नंतर पाचेक मिनिटं ऑक्सिजन दिला की उतरतं. फक्त नाक चोंदलेलं नसावं, पावसाळ्यात आपल्याकडे हीच पंचाईत.

बेळगाव की कोल्हापूर? गावाचं नाव बघू नका, पाटी बघा. लहान मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात, पीडोडॉन्टिस्ट म्हणतात, बीडीएसनंतर तीन वर्षं याचंच शिक्षण घेतलेले. बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज आहे, मराठा मंडळाचं आहे, दोन्हीकडे मुलांच्या दातांचा विभाग असतो. कॉलेजात वेळ जातो, पण घाई नसते, आणि तुमच्या लेकीला नेमकं तेच पाहिजे. पहिल्या दिवशी इंजेक्शन नको म्हणून आधीच सांगा. नुसतं खुर्चीवर बसायचं, वर-खाली करायचं, आरशानं दात मोजायचे, घरी यायचं. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं ही १९५९ मध्ये मांडलेली पद्धत आमच्याकडे शिकवतात, एका खेपेत तिन्ही उरकायला गेलं की फिसकटतं.

भाषेचं तुम्ही लिहिलं नाही पण मी बोलते. शिकाऊ डॉक्टर कधी कन्नड बोलणारे, कधी केरळचे, कधी उत्तरेकडचे असतात. सहा वर्षांच्या पोरीच्या कानावर तोंडावरचा मास्क घातलेल्या माणसाचं "बाय तेगी" पडलं तर ती दचकणारच. तिला घरीच खेळात शिकवून ठेवा, बाय तेगी म्हणजे आ कर, अंजब्याड म्हणजे भिऊ नको. आणि एक खूण ठरवा जिला भाषा लागत नाही: डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. डॉक्टरांकडनं तिच्यासमोर कबूल करून घ्या. पहिल्यांदा ती उगाच हात वर करून बघेल, खरंच थांबतात का म्हणून. थांबले पाहिजेत. दुसऱ्यांदा बहुतेक करत नाहीत.

तुम्ही स्वतः काय करायचं, तर "काय नाही, काय नाही, झालं झालं" हा जप करायचा नाही. यावर अभ्यास झालेत, असा धीर देत राहिलं की पोरं जास्त घाबरतात, कारण आईचा आवाज त्यांना ओळखू येतो. त्यापेक्षा मोजा, गोष्ट सांगा, नाहीतर गप हात धरून बसा. तुम्हालाच बघवत नसेल तर सासूबाईंना आत पाठवा, खरंच सांगते, या बायका आपल्यापेक्षा घट्ट असतात. सकाळची वेळ घ्या, आणि पोटभर नाही पण नाष्टा देऊन न्या, उपाशी पोराला चक्कर येते. ॲड्रेनालिननं दोन मिनिटं छातीत धडधडू शकतं, ते पण आधी सांगून ठेवा.

आणि परतीचा प्रवास. जबड्यातलं इंजेक्शन दिलं असेल तर ओठ आणि जीभ तीनेक तास, कधी त्याहून जास्त बधीर राहतात, म्हणजे हत्तरगीचा टोल नाका, संकेश्वर, पार निपाणी येईपर्यंत. पोरांना तो जड ओठ म्हणजे गंमत वाटते, चावत बसतात, दुखत तर नाही. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा पडतो आणि घरची माणसं म्हणतात इंजेक्शन पिकलं. पिकलेलं नसतं, चावलेलं असतं, आठवड्याभरात बरं होतं पण ते आठ दिवस वाईट जातात. म्हणून निघायच्या आधी आरसा दाखवा, ओठ सुजलेला नाही हे तिला बघू दे, डॉक्टरांकडनं कापसाची एक गुंडाळी मागून दातांमध्ये ठेवा, आणि बेळगावचा गोड कुंदा-बिंदा घेतलाच असेल तर डबा पिशवीत खाली ठेवा, घरी गेल्यावर ओठाला चिमटा कळायला लागला की मग. गाडीत झोपली तर झोपेत पण चावतात, तेव्हा सीटवर नाही, मांडीवर घ्या, तोंड तुमच्याकडे करून.